देवाच्या डाव्या खांद्यावर

केमच्या शाळेत तिसरीचा वर्ग सतराचा पाढा म्हणत होता आणि मी खिडकीशी उभा होतो. स्टेशनाकडच्या रस्त्यानं तारवाला येताना दिसला. तो शाळेकडेच वळला तेव्हा मी खिडकीपासून मागं सरलो. मी जन्माचा भित्रा. तार घेतली, सही केली आणि न उघडताच दौतीखाली सरकवून ठेवली. सतराचा संपला, मग अठराचा म्हणून घेतला, मग एकोणिसाचा... जोवर ती उघडत नाही तोवर सोलापुरात सगळं जिथल्या तिथं आहे, असं मला वाटत होतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून ती उघडली. आमच्या वहिनी गेल्या होत्या.

त्याला आता सहा आठवडे होतील. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत नाव मिळवलेल्या माणसांवर लेख येतात. आमच्या वहिनींना पेठेबाहेर कुणी ओळखत नव्हतं. सोलापुरातल्या एका पेठेत भैरोबाचं लहानसं देऊळ आहे, तिथल्या गुरवाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, त्या बायको. नाव निंगव्वा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, म्हणून मराठी बोलता बोलता मध्येच कानडी यायचं. अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्यावर लिहायला बसलो आहे, कारण माझं एक पाप त्यांनी अकरा वर्षं सांभाळलं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ते पाप इथं सांगायचं आहे. आमच्या पेठेतली पुष्कळ माणसं ही पुरवणी वाचतात, आणि ती काय म्हणतील या विचारानं आत्ताही माझा टाक अडखळतो आहे.

वहिनींची एक सवय आधी सांगतो. दादाचा पाय अधू झाल्यापासून देवाची अंघोळ त्याच घालत. मूर्ती हातभर उंचीची, काळ्या दगडाची. पाणी घालून झालं की त्या पदरानं मूर्ती पुसत. डोकं, छाती, उजवा खांदा एकेकदा, आणि डावा खांदा दोनदा. मी सुट्टीत घरी आलो की गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून हे बघायचो. एकदा चेष्टेनं म्हटलंही, “वैनी, देवाचा डावा खांदा जास्त मळतो व्हय?” त्या हसल्या, म्हणाल्या, “मळतोय की. तुमाला काय म्हाईत.” मी विषय सोडून दिला. 

आता त्या वर्षाकडं येतो. मी बाविशीचा होतो, नुकताच शिक्षक झालो होतो. पेठेत उंदीर पडू लागले. पहिला उंदीर आमच्या शेजारच्या घरात पडला, आळीतल्या सगळ्यांनी तो पाहिला आणि कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पेठ उठली. भांडी, गोधड्या, धान्याची पोती, शेळ्या, सगळं गावाबाहेरच्या माळावर गेलं. तट्ट्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माझी शाळा बंद झाली. रोज सकाळी उठल्याबरोबर मी पांघरुणातच काखा चाचपायचो, मग जांघा चाचपायचो, गाठ लागत नाही असं पाहून उठायचो, आणि तोंड धुतल्यावर पुन्हा चाचपायचो. प्लेगची लस टोचून घ्यायची सोय झाली होती, पण सुईच्या भीतीनं मी टाळत होतो. वहिनींनी स्वतः आधी टोचून घेतलं, मग माझं मनगट धरून सगळ्या लोकांदेखत मला ओढत नेलं. दादा मात्र टोचून घ्यायचा राहिला. देवाची पूजा आटोपून जातो म्हणाला, आणि पूजा काही कधी आटोपली नाही.

गावाला कुलूप लागलं तरी देवाला कुलूप लावता येत नाही. दादा रोज सकाळी माळावरून ओसाड पेठेत जायचा, पूजा करायचा आणि यायचा. एके दिवशी तो आला तो थरथरतच. दुपारपर्यंत ताप चढला. वहिनींनी त्याचं धोतर बाजूला सारून पाहिलं आणि त्यांचे हात तिथंच थांबले. जांघेत लिंबाएवढी गाठ होती. “अय्यो शिवने,” एवढंच त्या म्हणाल्या. शेजारच्या झोपड्यांतली माणसं तासाभरात आपले तट्टे उचलून लांब गेली. संध्याकाळच्या आत म्युनिसिपालटीची गाडी आली आणि दादाला प्लेगच्या इस्पितळात घेऊन गेली. इस्पितळ म्हणजे माळाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या तीन लांब शेड आणि भोवती काटेरी तार. नातेवाइकांना आत जाता येत नव्हतं. तारेपाशी उभं राहायचं, सकाळी एक वॉर्डबॉय यायचा आणि रात्रीतून कोण गेलं त्यांची नावं सांगायचा. नाव आलं नाही म्हणजे माणूस आहे, एवढंच समजायचं.

दुसऱ्या दिवशी नाव आलं नाही. परत येताना वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, देवाला कौल लावा.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही ठरवायचं असलं, काही विचारायचं असलं की लोक भैरोबाला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवतो. मागणारा मनातलं बोलतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवानं होय म्हटलं, डावी पडली तर नाही. आमच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. कौल लावणारा दादा. तो इस्पितळात, म्हणून ते माझ्याकडं आलं.

भर दुपारी आम्ही दोघं पेठेत शिरलो. त्या पेठेत माझा जन्म गेलेला, डोळे मिटून कुठंही गेलो असतो, पण त्या दिवशी मी वहिनींच्या मागं मागं चालत होतो. दारांना कुलपं, काही दारांवर चुन्याच्या खुणा. आमच्या चपलांचा आवाज पुढच्या बोळातून परत येत होता. एका ओट्यावर कुणाचं तरी जातं तसंच राहिलं होतं, त्याच्या तोंडात अर्धवट दळलेली ज्वारी. गटाराच्या कडेला दोन उंदीर पडले होते. वहिनी त्यांना वळसा घालून पुढं गेल्या आणि मी तिथंच उभा राहिलो. “या की,” त्या म्हणाल्या, आणि मागं येऊन माझ्या शर्टाची बाही धरली.

देवळात मी गाभाऱ्यात गेलो. वहिनी उंबऱ्याबाहेर डोळे मिटून उभ्या राहिल्या. देवळाच्या दारातल्या पांढऱ्या कण्हेरीच्या दोन पाकळ्या मी आणल्या होत्या. नैवेद्याला वहिनींनी दिलेला गुळाचा खडा माझ्या डाव्या तळहातावर होता, आणि घामानं तो विरघळत होता. मी मूर्तीकडं पाहिलं. भैरोबाचे चांदीचे डोळे माझ्यावरच रोखलेले वाटले. मनात एकच आलं... डावी पडली तर? डावी पडली तर या बाईला घेऊन मी परत माळावर कसा जाऊ? त्या तारेपाशी उद्या कसा उभा राहू? माझं मलाच कळेना मी काय करतो आहे. मी बोट त्या गुळावर घासलं, तेच बोट एका पाकळीला फासलं आणि ती पाकळी देवाच्या डाव्या खांद्यावर दाबून बसवली. दुसरी नुसत्या पाण्याच्या थेंबावर उजवीकडं टेकवली.

वहिनींचं मागणं पुरं व्हायच्या आतच उजवी पाकळी पडली.

“उजवा दिला, वैनी,” मी म्हणालो. त्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा कपाळावर दगडाचा वळ होता, आणि म्हणाल्या, “चला भावजी. शब्द दिलाय त्यानं. येत्याल तुमचे दादा.”

तेव्हापासून माझ्या जिवाला दोन भीती लागल्या. एक प्लेगची, ती सगळ्या माळालाच होती. दुसरी माझी एकट्याची. देवाच्या नावानं मी खोटा शब्द दिला होता. तो शब्द धरून ही बाई उभी आहे. उद्या दादाचं नाव यादीत आलं तर नवरा तर जाईलच, देवही जाईल, आणि तो मी नेलेला असेल. आणि देव माझ्यावर सूड उगवायला दादालाच उचलेल, असंही वाटायचं. या विचारानं मला अन्न गोड लागेना.

वहिनी मात्र रोज तिघांच्या भाकरी थापायच्या. दादाच्या वाटची भाकरी फडक्यात बांधून आम्ही तारेपाशी जायचो. वॉर्डबॉय ती घ्यायचा नाही. नावं सांगायचा, बायका तिथंच बसकण मारायच्या, आकांत करायच्या, आणि आम्ही भाकरी घेऊन परत यायचो. मग वहिनी ती मला वाढायच्या. “खावा. तुमच्या दादाच्या वाटची हाय.” तिथून त्या देवळात पूजेला जायच्या. मी पुरुष, गुरवाच्या घरचा, ते काम माझं होतं, पण त्या बोळातून पुन्हा जायची माझी छाती झाली नाही. त्या एकट्या जायच्या आणि यायच्या, आल्यावर भांडी घासत बसायच्या. एवढ्या घासायच्या की बोटांची सालं निघाली. मला वाटायचं, काय हा विश्वास! मनातल्या मनात मला त्यांचा रागसुद्धा यायचा. अशा निर्धास्त कशा राहतात, असं वाटायचं.

नवव्या दिवशी वॉर्डबॉय बदलला होता. त्यानं नावं सांगितली, दादाचं त्यात नव्हतं. वहिनींनी नेहमीसारखं विचारलं, “भैरोबाचा गुरव बरा हाय न्हवं?” तो म्हणाला, “गुरव? आसा कोन न्हाय हितं.” मी पुन्हा विचारलं, नाव सांगितलं, वय सांगितलं, गाठ सांगितली. “न्हाय म्हनलं की,” तो खेकसला आणि गेला. गेलेल्यांत नाही, असलेल्यांतही नाही. आम्ही तारेच्या कडेनं तिन्ही शेडभोवती फिरलो, हाका मारल्या. आतून खोकल्याचे, कण्हण्याचे आवाज येत होते, त्यांतला एकही दादाचा वाटेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माळावरची माणसं आता आमच्याकडं बघून मान फिरवायची. पुरलेल्यांची नोंद राहत नाही, असं कुणीतरी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं.

त्या तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. वहिनी चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. आजही तीनच. मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसलो. “वैनी,” मी म्हणालो, “त्या कौलाचं मला तुमाला सांगायचं हाय.”

त्यांचे हात काटवटीत थांबले. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “भावजी, आता काय बी बोलू नगा. पानी आना जावा.” आवाज असा होता की मी उठलो आणि घागर उचलली. विहिरीवर बसून रडलो. सांगायचं राहिलं याचं वाईट वाटलं, आणि सांगावं लागलं नाही म्हणून बरंही वाटलं. भित्र्या माणसाचं हे असं असतं.

दादा जिवंत होता. गाठ फुटली, ताप उतरला, म्हणून त्याला चौथ्या शेडमध्ये हलवलं होतं. ती नवी शेड ओढ्यापलीकडं होती, आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. तीन आठवड्यांनी एका बैलगाडीतून त्याला झोपडीपाशी आणून उतरवलं. गालफडं बसलेली, एक पाय ओढत होता. वहिनींनी त्याला पाहिलं आणि त्या आधी भाकरीचा तवा उतरवायला गेल्या, तवा हातातून पडला, आणि मग त्या मटकन खाली बसल्या. दादा मला म्हणाला, “बाबू, भैरोबानं उजवा दिला हुता म्हनं?” मी होय म्हणून मान हलवली.

पेठ परत गावात आली तेव्हा आमच्या भैरोबाचा कौल गाजला होता. लोक लांबून येऊ लागले. दादाचा हात तेव्हा कापायचा, म्हणून “बाबू, तू लाव” म्हणायचे. मी केमच्या शाळेत जागा मागून घेतली आणि निघून गेलो. सगळे म्हणाले, नोकरीसाठी गेला. मी पळालो होतो. त्यानंतर अकरा वर्षं मी कुणाचा कौल लावला नाही. दादाला साधं पडसं झालं असं पत्र आलं तरी मला वाटायचं, आता देव आपलं परत घेणार, कारण त्यानं ते कबूल केलंच नव्हतं. दादा मात्र मजेत होता. देवानं शब्द दिलेला माणूस म्हणून पेठेत त्याला मान होता.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा वहिनींना धाप लागत होती. खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. दादा देवळात होता. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला परत दिला आणि एकदम म्हणाल्या, “भावजी, गूळ लई लावला हुता तुमी.”

पेला माझ्या हातातून निसटला नाही एवढंच.

“दुसऱ्या दिशी पूजेला गेले,” त्या थांबत थांबत सांगू लागल्या, “तर मुंग्याची रांग. पार जमिनीपास्नं देवाच्या डाव्या खांद्यापत्तर. पाकळी तशीच चिकटल्याली. म्या काडली, तर बोटाला गूळ.”

“म्हंजे तुमाला... पहिल्या दिवसापासनं?”

“व्हय.”

“मग वैनी, तुमी भरवसा कशाचा धरला?” मी जवळजवळ ओरडलोच. “देवानं तर काहीच दिलं न्हवतं!”

“कशाचा भरवसा? भ्या वाटत हुतं की. लई भ्या वाटत हुतं. भांडी घासायचे तवा हात कापायचे, कुनाला दिसू ने म्हनून घासायचे.” मग दम घेऊन म्हणाल्या, “त्या दिशी मुंग्या झाडल्या आन् त्याला म्हनले, ह्ये बग. आमच्या भावजीनं तुज्या नावावर शब्द दिलाय. त्यो प्वार भित्रा हाय, त्यानं भ्यानं दिलाय. आता तू त्याला खोटं पाडू नगो. रोज त्येच म्हनायचे. त्यानं ऐकलं का न्हाय ते कळंना. ती शेड सापडंना तवा तर वाटलं, न्हाईच ऐकलं. तरी म्हनायचे. दुसरं काय हुतं माज्याजवळ?”

“मी चुलीपाशी सांगायला आलो होतो.”

“म्हाईत हाय. तुमी तोंडानं बोलला आसता तर माजं अवसान गेलं आसतं. म्हनून पान्याला धाडलं.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला. रडत रडतच मी विचारलं, डावा खांदा दोनदा का पुसता? त्या हसल्या, हसताना खोकला आला. “आवो, मुंग्या चावल्या आसतील की त्याला. आपल्यापायी.”

त्यानंतर महिन्याभरात तार आली.

हा लेख इथवर लिहून झाला तेव्हा तो पाठवण्याआधी दादाला दाखवणं भाग होतं. पाकीट खिशात घालून गेल्या रविवारी केमहून गाडीत बसलो. सोलापूर स्टेशनात उतरलो आणि परतीच्या गाडीची वेळ विचारून आलो, एवढी भीती वाटत होती. दादाची नजर आता मंदावली आहे. देवळाच्या ओट्यावर बसून मी त्याला सगळं वाचून दाखवलं, गुळाची ओळसुद्धा. अकरा वर्षं ज्या शब्दावर तो जगला तो मी त्याच्या हातातून काढून घेत होतो. वाचून झालं. वर बघायचं माझं धाडस होईना. त्याची काठी ओट्यावर हळूहळू आपटत होती, तेवढीच ऐकू येत होती.

मग तो उठला, पाय ओढत गाभाऱ्यात गेला आणि आतून मला हाक मारली. अकरा वर्षांत मी उंबरा ओलांडला नव्हता. ओलांडला. भैरोबाचे चांदीचे डोळे तसेच होते.

“कुटल्या बोटानं लावला?” दादानं विचारलं.

मी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. त्यानं ते आपल्या मुठीत धरलं. कोनाड्यात वहिनींच्या जुन्या लुगड्याचा फाडून ठेवलेला पदर होता, तो माझ्या बोटाला गुंडाळला, आणि माझा हात धरून देवाच्या डाव्या खांद्यावरून फिरवला. मी हात मागं घेऊ लागलो.

“थांब की,” दादा म्हणाला. “दोनदा. ती दोनदा पुसायची.”